हेल्मेटची कपालक्रिया

आमच्या समितीत एकाकडेही हेल्मेट नव्हतं. सगळी घाण तिथूनच सुरू झाली, म्हणून आधी तेच सांगतो.

समिती म्हणजे हेल्मेटसक्तीविरोधी. दर काही वर्षांनी पुण्यात कोणीतरी नवा साहेब यायचा, त्याला सक्तीची उबळ यायची, आणि आम्ही दहा-बारा निवृत्त म्हातारे ताडकन उठून बसायचो. एरवी आमचे गुडघे धरलेले असायचे. सक्ती जाहीर झाली की गुडघे बरे. अध्यक्षांचं बुधवार पेठेत विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्याच्या पोटमाळ्यावर, वायरींच्या भेंडोळ्यांत अंग चोरून बसून, आमच्या बैठका चालायच्या. मी सचिव. पत्रकं मी लिहायचो, निवेदनं मी लिहायचो, वर्तमानपत्रांना खोचक पत्रंही मीच पाठवायचो. "माझं डोकं, माझा हक्क" ही घोषणा माझी. ती रिक्षांच्या मागे चिकटवलेली दिसली की छाती फुगायची. आता आठवलं की शिसारी येते.

हेल्मेटनं मान दुखते. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. केस गळतात. हा मुद्दा मांडणारे तिघेही पूर्ण टकले होते. या गर्दीत गाडी पळतेच कुठे? आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याकडे बघा. खड्ड्यांचं तेवढं खरं होतं, आजही आहे. बाकी सगळं आम्ही चहाबरोबर एकमेकांना पाजत होतो आणि एकमेकांच्या पाठी थोपटत होतो. मी तर विमा कचेरीच्या दावे विभागात जन्म घालवलेला माणूस. अपघातांचे पंचनामे वाचून वाचून माझा चष्म्याचा नंबर वाढला. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचं काय होतं, हे त्या पोटमाळ्यावर माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिथे बसून पत्रकं लिहीत होतो मी! शी!

घरी आम्ही दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पस्तिशीची, लग्न करायचं नाही म्हणून तिनं एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमधून ती रोज स्कूटर काढून कात्रजच्या पुढे एका लहानशा खासगी डेअरीत जायची. तिथे दुधाची तपासणी करायची. यंत्रं नंतर. आधी कॅनचं झाकण उघडायचं, वाकायचं आणि वास घ्यायचा. दूध आंबायला लागलंय, गाईनं काही भलतं खाल्लंय, कॅन नीट धुतलेला नाही, हे तिला एका वासात कळायचं. गावाकडून दूध घेऊन येणारे लोक तिला टरकून असायचे. "ताईनं नाक मुरडलं की कॅन माघारी जातोय," असं तिथला एक जण मला कौतुकानं म्हणाला होता.

घरातही तेच. दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच म्हणायची, "बाबा, कालचं वरण बाहेरच राहिलं ना?" किंवा, "अहो, चपला काढा गॅलरीत, कशात पाय घातलात?" तिच्यापासून काही लपायचं नाही. म्हणजे मला तसं वाटायचं.

तिचं हेल्मेट पांढरं होतं, मागे निळा पट्टा. चांगल्या दुकानातून, चार घालून बघून, पाचवं घेतलेलं. दाराशेजारी खिळ्याला लटकलेलं असायचं. माझ्या चळवळीबद्दल ती फारशी बोलायची नाही. एकदा मी ताजं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "तुमचं डोकं, तुमचा हक्क. माझं डोकं मला लागतं हो कामाला. चहा टाकू?" मी हसलो होतो. पुणेरी उत्तर आहे, म्हणून पोटमाळ्यावर जाऊन सांगितलंसुद्धा.

तर त्या वर्षीची सक्ती. मोर्चा काढून झाला होता, डोक्यावर पातेली घालून झाली होती. वर्तमानपत्रांना आता काहीतरी नवीन हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "हेल्मेटची अंत्ययात्रा काढू." पोटमाळ्यावर टाळ्या पडल्या. तिरडी कोण बांधणार, मडकं कोण धरणार, सगळं भराभर ठरलं. मग कोणीतरी विचारलं, "पण हेल्मेट?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तत्त्वाची माणसं आम्ही! कोणाच्याच घरी नव्हतं. विकत आणायचं म्हटलं तर अध्यक्ष उसळले. "आपण हेल्मेट विकत घेतलं असं छापून आलं तर तोंड कुठे लपवायचं?" तेही सगळ्यांना पटलं. आणि मी, मूर्ख शिरोमणी, म्हणालो, "माझ्या मुलीचं आहे. आणतो. पण परत द्यायचं हं, ती रोज वापरते."

रविवार होता. मुलगी मैत्रिणीबरोबर तिच्या गाडीतून बाहेर गेली होती. मी खिळ्यावरून हेल्मेट काढलं, कापडी पिशवीत घातलं आणि न विचारता घेऊन गेलो. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नाही.

मंडईपासून निघालो. चार खांदेकरी, तिरडीवर पांढऱ्या कापडावर ते हेल्मेट, त्यावर हार, गुलाल. पुढे अध्यक्ष मडकं धरून. बघे हसत होते, कोणी मोबाईलवर फोटो काढत होते, एक बाई मात्र कडेला थांबून म्हणाल्या, "माझा भाऊ गेला हो गाडीवरून पडून. लाजा वाटू द्या." कोणीतरी त्यांना "काकू, पुढे चला" म्हणालं. मी तिकडे बघितलं नाही. पंचनामे वाचायची सवय होती मला. न बघण्याची त्याहून जास्त होती.

शेवटी चौकात तिरडी खाली ठेवली. भाषण झालं, मडकं फुटलं, आणि तेव्हा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर धापा टाकत उगवला. "सर, मडकं फुटलं? मग मी काय काढू?" त्याचा चेहरा पडला. अध्यक्षांचा त्याहून पडला. आणि कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, "अहो, कपालक्रिया राहिलीच की!"

चितेवर कवटी फोडतात, ती कपालक्रिया. केवढी कल्पना! जो तो हसून लोळायचा बाकी. पदपथाचा एक ब्लॉक निखळून पडलेला होता, तो अध्यक्षांनी दोन्ही हातांत उचलला. मी पुढे झालो. "अहो, मुलीचं आहे ते, परत न्यायचंय मला."

"हळूच मारतो हो. फोटोपुरतं."

पहिला फोटो हलला. दुसऱ्याला मध्ये रिक्षा आली. तिसऱ्याला फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा जोर दिसू दे." मग अध्यक्षांनी जोर दिसू दिला. मी तिथेच उभा होतो, दोन हातांच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत मी आहे. हसतोय. तो पेपर मी मुलगी उठायच्या आत गायब केला.

घरी येऊन न्हाणीघरात बसून गुलाल धुतला. वरून चार ओरखडे होते, ते दंतमंजनानं घासले. आतलं अस्तराचं कापड निघत होतं म्हणून ओढलं, तर आतला जाड थर्माकोल मधोमध चिरलेला. बोट घालून बघितलं. चीर पार कवचापर्यंत गेलेली होती. मी अस्तर परत नीट बसवलं. दाबून बसवलं, अगदी मन लावून. आणि हेल्मेट खिळ्याला अडकवलं.

संध्याकाळी ती आली. "बाबा, यावर ओरखडे कसले?"

"खाली पडलं माझ्या हातून. झाडताना."

तिनं ते नाकाजवळ नेलं. "गुलालाचा वास येतोय."

"तुझी कायतरी कल्पना," मी म्हणालो. ती हसली आणि आत गेली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

दुसऱ्या दिवशी तसलंच नवीन आणून गुपचूप अडकवावं, असं मनात होतं. खोटं नाही सांगत, निघालोही होतो. पूर्वी पदपथावर हेल्मेटवाले बसायचे, आता सक्तीमुळे जागोजागी ढीग लागले होते, दुकानांत रांगा होत्या. पांढरं, निळ्या पट्ट्याचं एक हातात घेतलं, तेवढ्यात मागून आवाज आला. "वा! सचिव! आपणही?"

जुन्या कचेरीतले एक गृहस्थ. हातात पिशवी, चेहऱ्यावर ते छद्मी हसू. "काल अंत्ययात्रा, आज बारसं वाटतं?"

पुण्यात माणूस एवढ्यानं मरतो हो. मी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. म्हणालो, "बघत होतो, किती निकृष्ट माल विकतात ते." आणि सरळ चालायला लागलो. उद्या येऊ, परवा येऊ, दुसऱ्या पेठेत जाऊ, असं करत आठवडा गेला. मग दुसरा गेला. ती रोज ते घालून जात होती आणि संध्याकाळी धडधाकट परत येत होती, त्यामुळे ती चीर माझ्या मनात बारीक बारीक होत गेली. थर्माकोल तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं. दावे विभागातला माणूस मी!

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी फोन आला. कात्रजहून परतताना उतारावर खडी होती, स्कूटर घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीवर आलेली होती, पण मला ओळखायला तिला वेळ लागला. तेवढा वेळ मी कसा काढला, ते मला विचारू नका.

वाचली. चार दिवसांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजोबा, एक कळत नाही. हेल्मेट होतं डोक्यावर, पट्टा लावलेला होता, गाडीही फार वेगात नव्हती. तरी इतका मार? हेल्मेट तर अक्षरशः दोन तुकडे होऊन आलं. बनावट असणार. कुठून घेतलं होतं?"

"तिनंच घेतलं होतं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी खोलीत वाचत होतो. करपल्याचा वास आला, थोडा नाही, घरभर. धावत स्वयंपाकघरात गेलो. ती गॅससमोर उभी होती, हातभर अंतरावर, बाहेर बघत. दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं होतं, धूर निघत होता. "अगं, जळतंय!" मी ओरडलो. तिनं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग गॅस बंद करून ती खाली वाकली, पातेल्यावर तोंड धरलं आणि लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. डबे काढले एकेक, हिंग, लसूण, फिनेलची बाटलीसुद्धा. प्रत्येक नाकाला लावत होती आणि बाजूला ठेवत होती.

"काहीच नाही, बाबा," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार बसला की होतं कधी कधी, कदाचित येईल परत, कदाचित नाही. नाही आला. डेअरीतल्या लोकांनी तिला चांगुलपणानं टेबलावरचं काम दिलं. कॅनपाशी आता दुसरी मुलगी उभी राहते. माझी मुलगी ती काय सांगेल ते कागदावर लिहिते.

आणि या सगळ्यात अध्यक्ष भेटायला आले. शहाळी घेऊन. तिची चौकशी केली, हळहळले, मग मला गॅलरीत घेऊन आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण एक बोलू? आपल्याला याहून मोठा पुरावा मिळायचा नाही. हेल्मेट घालूनसुद्धा! चार ओळी लिहा. नाव नको घालायला."

त्यांच्या लक्षातही नव्हतं. ज्याच्यावर तीनदा ब्लॉक घातला ते हेच हेल्मेट, हे त्या माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं! मला वाटलं, उचलावं आणि गॅलरीतून खाली टाकावं. त्यांना की स्वतःला, ते ठरेना. पण सांगायचं म्हणजे आतल्या खोलीत ऐकू गेलं असतं. मग मी, रात्री एकटा बसून नव्हे, तिथेच त्यांच्यासमोर, त्यांचंच पेन घेऊन, त्या चार ओळी लिहून दिल्या. "आमच्या एका सभासदाच्या कन्येनं हेल्मेट घालूनही..." वाक्य चांगलं जमलं होतं. तेही मला तेव्हा जाणवलं. किळस यावी अशा गोष्टी माणूस किती नेटकेपणानं करतो!

ते पत्रक तिच्या हाती पडलं. सोसायटीच्या दारात वाटत होते. तिनं टेबलावर ठेवलं, चिडली नाही, माझ्यावर आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं, बाबा. एवढं बघून घेतलं, रोज घातलं, आणि काय डोंबल उपयोग झाला? आता नाही घालणार."

गेलेल्या नाकाचं मी कसंबसं पचवलं असतं, एवढा निर्लज्ज मी आहे. हे पचेना. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, डोक्याला पुन्हा मार लागता कामा नये, पुन्हा लागला तर काही सांगता येणार नाही. स्कूटर दुरुस्त होऊन आली. ती उघड्या डोक्यानं जायला लागली. मी गॅलरीत उभा राहायचो, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग दिवसभर घड्याळ. "घाल गं, दुसरं चांगलं आणू," असं मी दोनदा म्हणून बघितलं. ती हसायची. "सचिव बोलताय की बाबा?"

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी मी तिच्यामागून जिना उतरलो. गुडघे खरंच दुखत होते. तिनं स्कूटर स्टँडवरून काढली होती. मी हँडल धरलं.

"बाबा, उशीर होतोय."

"ते हेल्मेट चांगलं होतं," मी म्हणालो. "मी नेलं होतं अंत्ययात्रेला. तिथे त्याच्यावर दगड घातला. आतून चिरलं होतं. मी बघितलं होतं."

समोरच्या इमारतीतला वॉचमन पाणी मारत होता, ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मग तो गुलालाचा वास होता," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही बघितलं होतंत. आणि परत खिळ्याला अडकवलंत."

"नवीन आणायला गेलो होतो. तिथे एक ओळखीचे भेटले..."

पुढचं वाक्य ऐकण्यासारखं नव्हतंच. तिनं माझा हात हँडलवरून काढला, हळूच, स्कूटर परत स्टँडवर लावली आणि चालत कोपऱ्यापर्यंत गेली. रिक्षा केली. संध्याकाळी आली ती नवीन हेल्मेट घेऊन. काळं.

मी समिती सोडली. राजीनाम्यात सगळं लिहिलं, अगदी ब्लॉकसुद्धा. अध्यक्षांनी पोटमाळ्यावर वाचून दाखवलं म्हणे, "सचिव मुलीच्या दुखण्यानं खचले आहेत." यथावकाश सक्ती ढिली पडली, जशी दर वेळी पडते, आणि त्यांनी पेढे वाटले. मलाही पाठवले होते. मी ते तसेच कचऱ्यात टाकले.

मुलगी मला सोडून गेली नाही. तसं झालं असतं तर सोपं होतं. माझ्या गोळ्या वेळेवर देते, भाजीत मीठ कमी घालते, अहो बाबा म्हणते. फक्त दाराशेजारचा खिळा रिकामा आहे. काळं हेल्मेट तिच्या खोलीत, कपाटात असतं. कपाटाला कुलूप असतं. किल्ली तिच्या पर्समध्ये असते.

वासाची कामं आता घरात माझ्याकडे आली आहेत. सकाळी दूध आलं की ती पातेलं माझ्यासमोर धरते, कारण दूध आंबलंय की नाही ते तिला कळत नाही. मी वाकतो, वास घेतो आणि म्हणतो, "चांगलं आहे."

"बरं," ती म्हणते. मग डेअरीतून आणलेली काचेची नळी काढते, त्यात थोडं दूध घेते, थोडं स्पिरिट घालते, आणि फुटतंय का ते उजेडात धरून स्वतः बघते.